दाव्याला बांधलेल्यांचं ऋण

दर महापुरात एक वाक्य हमखास कानावर येतं. "इथं माणसं मरायला लागलीत आणि तुम्हाला जनावरांचं पडलंय!" शिरोळ तालुक्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून नोकरी केली, तेव्हा 2005 साली ते ऐकलं, 2019 ला ऐकलं आणि निवृत्तीनंतर 2021 च्या जुलैतही ऐकलं. बोलणारा माणूस वाईट नसतो. बहुतेक वेळा त्याचं स्वतःचं घर पाण्यात असतं. म्हणून त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. त्याच्या बोलण्यात एक खरा धर्मप्रश्न आहे. संकटाच्या वेळी माणूस जनावराचं काही देणं लागतो का? की त्यासाठी जे काही केलं जातं तो केवळ मनाचा मोठेपणा, परवडला तर दाखवायचा?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पुरातून जनावर सोडवणं हे आपल्यावरचं ऋण आहे. दया म्हणून ते केलं तरी चांगलंच, पण दयेच्या भरवशावर ते सोडता येणार नाही.

हे मला पोथीत सापडलं नाही. गोठ्यात सापडलं.

आमचा तालुका कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचा. इथे पाणी अंगावर कोसळत नाही, चढत येतं. नरसोबावाडीच्या संगमावर ते आधी दत्तमंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहतं, दक्षिणद्वाराचा सोहळा होतो, लोक श्रद्धेने स्नान करतात. मग एखाद्या रात्री तेच पाणी ओढ्यांतून उलटं फिरून शिवारात आणि गावठाणात येतं. रानातला कोल्हा, ससा, मुंगूस पाण्याच्या पुढेपुढे सरकत उंचावर जातात. साप झाडावर नाहीतर घराच्या आढ्यावर चढतात. म्हैस तर पट्टीची पोहणारी, गाय-बैलही पोहतात. पोहणाऱ्या म्हशीचं शेपूट धरून माणसं पैलतीराला गेल्याच्या गोष्टी नदीकाठच्या प्रत्येक गावात आहेत. मग पुरात इतकी जनावरं मरतात कशी? पुष्कळशी मरतात ती दावणीला, बांधल्या जागी.

सुताचं किंवा तागाचं दावं भिजलं की फुगतं. घाबरलेलं जनावर मागे ओढ घेत राहतं आणि गाठ आवळत जाते. कमरेएवढ्या पाण्यात, अंधारात ती बोटांनी सुटत नाही. दोरी नायलॉनची असेल तर मानेच्या कातडीत रुतते. म्हणून बोटीत चढताना औषधाच्या पेटीच्याही आधी मी विळा घ्यायचो. पाणी ओसरल्यावर गोठ्यात मेलेल्या गाईच्या मानेभोवती केस घासून गेलेला पट्टा दिसतो. खुंट्याभोवतीची जमीन खुरांनी उकरलेली असते. ती किती वेळ ओढत होती, हे त्या जमिनीवरून कळतं. असा खुंटा ज्याने पाहिला आहे, त्याला 'जनावराचं आपण काय देणं लागतो' हा प्रश्न पुन्हा विचारावा लागत नाही. पूर निसर्गाने आणला असेल, दावं आपण बांधलं होतं.

मोकळ्या प्राण्याजवळ संकटातून पळून जाण्याची एक जन्मजात ताकद असते. ती आपण त्याच्याकडून काढून घेतली. त्या बदल्यात दूध घेतलं, शेण घेतलं, नांगर ओढून घेतला, वासरू घेतलं. हा व्यवहार आहे आणि त्यात मला पाप दिसत नाही. माझं घरही म्हशीच्या दुधावर चाललं, माझं शिक्षण त्यातूनच झालं. पण व्यवहार म्हटला की त्याला दुसरी बाजू असते. ज्याची पळण्याची वाट आपण बंद केली, त्याच्यासाठी पळायची वेळ आली तर जबाबदारी आपली. आपल्या देशाचा कायदाही हेच धरून चालतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं तिसरं कलम सांगतं, की प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या हितासाठी वाजवी उपाय केलेच पाहिजेत. तिथे करुणेची अपेक्षा केलेली नाही, कर्तव्य सांगितलेलं आहे.

आपल्या धर्मपरंपरेतही हा विचार आहे, मात्र आपण तो चुकीच्या कप्प्यात ठेवला आहे. आपण भूतदया म्हणतो आणि तिला दानाच्या, पुण्याच्या रांगेत बसवतो. पण गृहस्थाला सांगितलेल्या पाच महायज्ञांत भूतयज्ञ आहे. देव, पितर, ऋषी आणि अतिथी यांच्या जोडीने कुत्रा, कावळा, मुंगी यांचाही वाटा रोजच्या अन्नातून बाजूला काढायचा. आणि ही गोष्ट नित्यकर्मात मोडते. आपल्या शास्त्रकारांनी नित्यकर्माबद्दल फार कडक विचार मांडला आहे. ते केल्याने वेगळं पुण्य पदरात पडत नाही, न केल्याने दोष मात्र लागतो. मला पुराच्या बाबतीत हा विचार फार मोलाचा वाटतो. वासरू खांद्यावर घेऊन पाण्यातून येणारा माणूस थोर खराच, पण त्याने केलं ते कर्जाच्या हप्त्यासारखं आहे. हप्ता भरणाऱ्याचा सत्कार होत नाही, चुकवणाऱ्याला मात्र जाब द्यावा लागतो.

आता त्या पहिल्या वाक्याकडे येतो. माणसं मरत असताना जनावरांचं काय?

बोटीत जागा एकाचीच असेल तर ती माणसाची, याबद्दल माझ्या मनात कधीही शंका नव्हती. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं बुडाली. आयाबाया, लेकरं होती त्यात. ती बातमी ऐकल्यावर त्या दिवशी कोणत्याही म्हशीपेक्षा एका लेकराचा जीव मोठा आहे, हे कुणी मला समजावून सांगायची गरज नव्हती. पण आधी कोण आणि मागून कोण, हा क्रमाचा प्रश्न आहे. क्रमात मागे असणं म्हणजे हिशोबातच नसणं नव्हे. माणसं काढून झाल्यावर जी रिकामी बोट परत जाऊ शकते ती जाते की नाही, तिथे आपला धर्म ठरतो.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर आणि इंद्र यांच्यात नेमका हाच वाद झाला आहे. रथ उभा आहे, स्वर्गाचं दार उघडं आहे आणि इंद्र म्हणतो, हे कुत्रं इथेच सोड. युधिष्ठिर नाही म्हणतो. जो विश्वासाने मागे आला त्याला सोडणं हे त्याच्या लेखी घोर पाप आहे. त्यावर इंद्र मर्मावर बोट ठेवतो. भावांना सोडलंस, द्रौपदीला सोडलंस, मग कुत्र्याला का सोडत नाहीस? युधिष्ठिराच्या उत्तराचा आशय असा: ते मरण पावले होते, त्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं, जिवंत असताना मी त्यांना टाकलं नाही. हे मात्र जिवंत आहे. पुढे ते कुत्रं म्हणजे साक्षात धर्म निघतो, हा भाग कीर्तनकार रंगवून सांगतात. मला त्याआधीचं बोलणं महत्त्वाचं वाटतं, कारण तेव्हा युधिष्ठिरासमोर फक्त एक कुत्रं होतं. गेलेल्यांच्या दुःखाचं कारण पुढे करून असलेल्यांना टाकता येत नाही, हे त्याने तिथे ठरवून टाकलं. महापुरात माणसं गेल्याचं दुःख हे गोठ्याकडे पाठ फिरवण्याचं कारण होऊ शकत नाही, याला मला याहून मोठा आधार माहीत नाही.

आणि व्यवहारात तर माणूस आणि जनावर यांना वेगळं काढताच येत नाही. 2019 ला कुरुंदवाडच्या बाजूला एका घरात एक म्हातारी एकटी राहिली होती. पाणी उंबऱ्याला टेकलं होतं. बचाव पथकातले जवान हात पुढे करून उभे होते आणि ती दोन म्हशी व एका रेडकाच्या मध्ये बसून होती. मी म्हटलं, "आक्का, चला, बोट थांबलीया." ती म्हणाली, "डाक्टर, मी येतो की. पर ह्यास्नी कुणाच्या हवाली करू, तेवढं सांगा." तिच्या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत ती हलली नाही. म्हशींची दावी कापली, कासरे लावून त्यांना बोटीच्या बाजूने पोहत नेलं, रेडकू तिच्या मांडीवर दिलं, तेव्हा ती उठली. जनावरांची सोय नाही म्हणून माणसं घर सोडत नाहीत, हे पूरग्रस्त भागात काम केलेला कुणीही सांगेल. अमेरिकेत 2005 च्या कॅटरिना वादळात पाळीव प्राण्यांना मागे टाकायला तयार नसलेले लोक घरांतच थांबले. त्यानंतर 2006 मध्ये तिथे कायदा झाला, की आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचाही विचार हवा.

तरीही 'जनावर वाचवा म्हणजे माणूस वाचेल' या युक्तिवादावर मी थांबणार नाही. तो खरा आहे, पण त्यात म्हशीला स्वतःची किंमत नाही. उद्या आक्का नसती आणि म्हशी एकट्याच असत्या, तरी दावं कापायला जावं लागलंच असतं.

दुसरा आक्षेप जास्त जुना आणि जास्त धार्मिक आहे. "ज्याचं त्याचं प्राक्तन. पशूच्या योनीतून सुटली बिचारी." सांत्वनासाठी हे म्हटलं तर मी मान खाली घालून ऐकतो. पण हेच जेव्हा आधी काही न करण्याचं कारण होतं, तेव्हा ते मला मान्य नाही. दुसऱ्याच्या प्राक्तनाचा हवाला त्याला बांधणाऱ्याने देऊ नये. आमच्या तालुक्यात जैन शेतकरी मोठ्या संख्येने आहेत. कर्मसिद्धांत त्यांच्याइतका बारकाईने कुणी मांडला नसेल. आणि त्यांच्याच परंपरेत उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला मध्यभागी ठेवलं आहे. बेसावधपणामुळे, निष्काळजीपणामुळे जीव जाणं हीही हिंसा. जनावराचं कर्म त्याचं असेल, प्रमाद आपला आहे.

शिवाय हा पूर तरी सगळा दैवाचा कुठे आहे? कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आहे, 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. सांगलीत आयर्विन पुलावर धोक्याची पातळी 45 फूट, तिथे ते 57 फुटांच्या वर गेलं. पाऊस अफाट होता, हे खरं. पण पूररेषेच्या आत वाढलेली घरं, बुजलेले ओढे, पात्रात आलेले भराव हे पावसाने केलेलं नाही. यातला एकही निर्णय गाई-म्हशींनी घेतलेला नव्हता.

पाणी ओसरलं की लोकांना वाटतं, सुटका झाली. ऋणाचा मोठा भाग तिथून पुढे सुरू होतो. कित्येक दिवस पाण्यात उभ्या राहिलेल्या जनावराची खुरं मऊ पडतात, बेचक्यात सडायला लागतं, त्यात किडे पडतात. धार न काढलेल्या गाईची कास टणक आणि गरम होते, ती सडांना हात लावू देत नाही. गावात याला दगडी म्हणतात. वेळेवर हात फिरला नाही तर तो सड कायमचा जातो. मग घटसर्प, फऱ्या, लाळ्या खुरकूत यांची भीती. गंजीतला कडबा भिजून बुरशी धरतो, उसाचं वाढं कुजतं, म्हणजे डोळ्यांपुढे वैरणीचा ढीग आणि खायला काडी नाही.

साखर कारखान्याच्या आवारात आणि शाळांच्या पटांगणांत जनावरं आणली होती, तिथलं एक दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे. लांबून मदतीचे ट्रक यायचे. माणसांना वाटून उरलेल्या चपात्या, भात, पाव पोत्याने गाईंपुढे ओतला जायचा. देणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं. पण चार दिवस उपाशी असलेल्या जनावराच्या पोटात एकदम शिजवलेलं अन्न गेलं की ते आंबतं, पोट फुगतं आणि पुरातून वाचलेली गाय चपात्यांनी आडवी होते. तिला आधी स्वच्छ पाणी हवं, मग थोडी कोरडी वैरण, मग हळूहळू पेंड. दान देणाऱ्याची नजर बहुतेकदा आपल्या देण्याकडे असते. ऋण फेडणाऱ्याला समोरच्याची गरज विचारावीच लागते. म्हणून म्हणतो, दया आणि ऋण यांतला फरक शब्दांपुरता नाही. गाईच्या पोटापर्यंत तो पोचतो.

या ऋणाची खरी कसोटी मात्र दुभत्या म्हशीपाशी होत नाही, तिच्यासाठी सगळेच धावतात. ती होते भाकड गाईपाशी, म्हाताऱ्या बैलापाशी, जर्सीच्या नर वासरापाशी आणि गल्लीतल्या कुत्र्यापाशी. सरकारी मदतीचे 2022 पासूनचे निकष दुभत्या गाई-म्हशीला 37,500 रुपये आणि बैलाला 32,000 रुपये देतात. ही मदत आर्थिकदृष्ट्या उत्पादक जनावरांसाठी आहे. सरकारने असा हिशोब करणं मी समजू शकतो, कारण ती भरपाई शेतकऱ्याच्या नुकसानीची आहे. पण धर्माचा हिशोब तोच असू शकत नाही. आयुष्यभर नांगर ओढलेल्या बैलाचं देणं तो थकल्यावर कमी होत नाही, उलट तोवर ते पूर्ण साचलेलं असतं. आषाढात बेंदराला त्याची शिंगं रंगवायची, त्याला पोळी खाऊ घालायची आणि श्रावणात पाणी आल्यावर त्याला गोठ्यात विसरायचं, हे कोणत्या शास्त्रात बसतं?

माझे वडील गुरुचरित्राचं पारायण करायचे. त्यातल्या बाविसाव्या अध्यायात गाणगापूरच्या एका गरीब घरातल्या वांझ म्हशीची कथा आहे. म्हातारी झालेली, माती वाहायला जुंपलेली म्हैस. नृसिंह सरस्वती त्याच घरी भिक्षेला जातात आणि दूध मागतात, ते त्या म्हशीचं. म्हैस दुभती झाली हा चमत्कार लोक सांगतात. मला वाटतं, जिच्याकडे कुणी पाहायला तयार नव्हतं, तिच्याकडे गुरूंचं लक्ष आधी गेलं, हीही त्या कथेतली शिकवण आहे. हेच नृसिंह सरस्वती त्याआधी बारा वर्षं आमच्या वाडीच्या संगमावर राहिले. आणि ज्या दत्ताचे ते अवतार मानले जातात, त्याच्या चित्रात मागे गाय आहे, पायाशी चार कुत्री आहेत. गाय म्हणजे पृथ्वी आणि कुत्री म्हणजे चार वेद, हा अर्थ मला लहानपणापासून शिकवलेला आहे आणि मी तो मानतो. पण प्रतीकाचा अर्थ लावता लावता समोरचं खरं कुत्रं दिसेनासं होऊ नये. पुरात छपरावर अडकलेलं, भुंकून आवाज बसलेलं कुत्रं ज्याला दिसत नाही, त्याने दत्ताच्या पायाशी असलेल्या वेदांबद्दल बोलू नये, असं मला स्पष्ट वाटतं.

ऋण कळल्यावर प्रश्न उरतो तो फेडण्याचा, आणि ते पुराच्या रात्री फेडून होत नाही. ते उन्हाळ्यातच फेडायचं असतं. बांगलादेशात किनाऱ्यावर मातीचे उंच चौथरे उभारले आहेत. त्यांना तिथले लोक किल्ला म्हणतात. वादळाची सूचना आली की माणसं निवाऱ्यात आणि जनावरं किल्ल्यावर. काझीरंगात ब्रह्मपुत्रेच्या पुरासाठी वन्यप्राण्यांकरिता असेच उंचवटे केले आहेत. आपल्याकडे तर जनावरांना एकत्र आणून सांभाळण्याचा अनुभव गावोगाव आहे. 2019 च्या मे महिन्यात सांगली जिल्ह्याच्या आटपाडी-जत भागात दुष्काळाच्या चारा छावण्या चालू होत्या आणि ऑगस्टमध्ये त्याच जिल्ह्याचा पश्चिम भाग बुडाला. दुष्काळात जी व्यवस्था उभी राहते, ती महापुरासाठी आधीपासून का असू नये?

नदीकाठच्या माझ्या गाववाल्यांना म्हणूनच हात जोडून सांगणं आहे. येत्या 1 मे च्या ग्रामसभेत जनावरांच्या पुराचा विषय घ्या. गावातली उंच जागा कोणती, तिथे किती जनावरं मावतील आणि त्यांची कोरडी वैरण कुठे ठेवायची, हे कागदावर लिहून घ्या. पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याची लस टोचून घ्या. कानातला 12 अंकी बिल्ला पडला असेल तर नवा मारून घ्या, म्हणजे पांगलेलं जनावर आपल्या दारी परत येईल. भाकड, म्हातारी आणि मालक नसलेली जनावरं कोण आणणार, त्या माणसांची नावं ठरावात घाला. प्रत्येक गोठ्यात खुंट्याजवळ हाताला येईल असा विळा टांगा. आणि एवढं काहीच जमलं नाही, पाणी आलं आणि घर सोडायची वेळ झाली, तर निघण्याआधी एकच काम करा. गोठ्यात जा आणि सगळी दावी कापा.